दोराचं वरचं टोक

माहेरी कुणाचं लग्न असो की बारसं, जेवणं उरकली की अण्णा विहिरीची गोष्ट काढायचाच. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. खांद्यावरचा टॉवेल कमरेला बांधून उभा राहायचा आणि नऊ वर्षांची मी विहिरीत उतरल्यावर कशी बोंबलले ते बारीक आवाज काढून करून दाखवायचा. "मी वरच हुबा, हातात दोर. आन ही खाली दोन मिन्टांत ‘मेले, मेले’! लई भित्री." लोक पोट धरून हसायचे. वहिनी हसायची, भाचा हसायचा, माझ्या पोटची लेकसुद्धा हसायची. मी म्हणायचे, "खोटं आहे. तू वर नव्हतास. तू मला सोडून गेलतास." त्यावर आणखी हसू. तीस-पस्तीस वर्षं मी हेच एक वाक्य बोलत आले आणि एका माणसानंही ते खरं धरलं नाही.

आता खरं काय झालं ते सांगते. आमचं गाव अहमदपूरच्या जवळ. त्या साली पावसाळा अर्धा सरला तरी थेंब नव्हता. शेतातल्या विहिरीला तळाशी एका कोपऱ्यात पाझर होता, वाटीवाटीनं पाणी जमायचं. पायऱ्या निम्म्यातच संपलेल्या, त्यांच्या खाली नुसता कातळ. मोठा माणूस उतरवायचा तर वर ओढायला चार गडी लागणार. मी घरात सगळ्यात हलकी, म्हणून माझ्या कमरेला दोर बांधायचे आणि रहाटावरून खाली सोडायचे. मी वाटीनं घागर भरायची. ठरलेलं होतं: घागरीच्या दोराला एक हिसका म्हणजे घागर ओढा, माझ्या दोराला दोन हिसके म्हणजे मला ओढा. वर अण्णा असायचा. दोन महिने मी रोज उतरले. तोवर भीती ठाऊकच नव्हती, उलट खाली गार वाटायचं.

आणि एक दिवस लातूर जिल्हा झाला. आधी आमचं सगळं उस्मानाबादला, कोर्टकचेरीला जायचं म्हणजे एक दिवस जायला नि एक यायला. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, जिल्ह्यासाठी मोर्चात, धरण्यात सगळीकडे पुढं असायचे. त्या दिवशी हलगी वाजत होती, ट्रॉल्या भरून लोक अहमदपूरला निघाले होते. मला खाली तळाशीसुद्धा हलगी ऐकू येत होती. घागर भरली. मी दोराला दोन हिसके दिले. काही नाही. पुन्हा दिले. मग मोजायचे सोडून नुसतीच ओढत राहिले. वरून दोर कुठंतरी बांधलेला होता, हलतच नव्हता. मी अण्णाला हाका मारल्या, अप्पांना मारल्या, देवाला मारल्या. किती वेळ ते मला सांगता येत नाही. वरचं उजेडाचं ताट भिंतीवरून सरकत गेलं, एवढं आठवतं. शेवटी अव्वा, माझी आई, पाणी का येईना म्हणून बघायला आली आणि तिनं एकटीनं मला वर ओढलं. तिच्या तळहाताची सालं निघाली. रात्री अण्णा म्हणाला, मी तिथंच होतो, ही उगंच ओरडली. अप्पा काही बोलले नाहीत. अव्वाही गप्प बसली. तिथून मी भित्री झाले ती झालेच.

आणि खरंच झाले की! कशाला खोटं बोलू? जत्रेतल्या आकाशपाळण्यात मी आजवर बसले नाही. लिफ्ट असली तरी मी जिन्यानंच चढते. खोलीची, उंचीची भीती नाही मला. आपला जीव दुसऱ्याच्या हातात आहे आणि तो दुसरा आपल्याला दिसत नाही, याची भीती.

मग आलं ते साल, ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं. आमचं लातुरात पाइप, मोटारी, पाण्याच्या टाक्या यांचं दुकान आहे, मी गल्ल्यावर बसते. त्या उन्हाळ्यात आम्हाला जेवायला सवड नव्हती. त्यातच पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्यानं, म्हणजे अण्णाच्या मुलानं, परस्पर सगळ्यांची तिकिटं काढली. इंडोनेशियाला, जावा बेटावर. तो, अण्णा, वहिनी, मी, माझे मालक आणि आमची लेक. शेजारीण म्हणाली, "इथं प्यायला पाणी न्हाई आन तुम्ही परदेशात उड्या मारायला चाललाव?" मी म्हटलं, "आम्ही तिघं गेलो तर तेवढंच पाणी तुम्हाला उरंल. थांबू का? सांगा." दुकानात दिराला बसवलं आणि नाकावर टिच्चून निघाले.

तिथल्या हॉटेलात पहिल्याच दिवशी माझी शोभा झाली. न्हाणीघरात आंघोळीचा एवढा मोठा टब. सवयच अशी लागलेली, नळ चालू दिसला की भरून घ्यायचं! मी संध्याकाळी टब काठोकाठ भरला, वर दोन्ही कचऱ्याचे डबे धुऊन भरले, चहाची किटली भरली. सकाळी साफसफाईवाली बाई आली आणि तिनं टबाचं बूच काढलं. मी धावले. "अगं बाई, सोडू नको, सोडू नको!" ती घाबरून मागे सरली. लेक म्हणाली, "आई, इथं चोवीस तास पाणी असतं." मी म्हटलं, "आपल्याकडं पण होतं." टब रिकामा होईपर्यंत मी दारात उभी राहिले आणि मला रडू आलं.

तिसऱ्या दिवशी भाच्यानं जे ठरवलं होतं ते मला आदल्या संध्याकाळी कळलं. जमिनीला पडलेलं एक मोठं भोक, वीस मजली इमारत उभी मावेल एवढं खोल. दोराला लटकून खाली जायचं, चिखलातून चालत दुसऱ्या गुहेत जायचं, तिथं भर दुपारी वरून उन्हाचा झोत पडतो तो बघायचा आणि दोरानंच वर यायचं. मोबाइलवर फोटो दाखवत होता. मी फोटो बघितला आणि मोबाइल हातानं बाजूला सारला. अण्णा हसला. "आत्त्याला दाखवू नको रे. तिला वरच बसवू. तुझ्या आईसंगं धपाटे खाईल."

झालं! तिथंच मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णाच्या खोलीत गेले. वहिनी नाश्त्याला खाली गेली होती. अण्णा आंघोळ करून पूजेला बसला होता. आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग रोज डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि लिंग तळहातावर असताना खोटं बोलायचं नाही हा अप्पांनी घालून दिलेला घरचा नेम. मला तो नेमका माहीत होता, म्हणूनच ती वेळ साधली. मी समोर बसले आणि विचारलं, "अण्णा, जिल्हा झाला त्या दिवशी तू मला विहिरीत सोडून गेलतास का नाही?"

त्यानं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. पुन्हा मिटले. हो नाही आणि नाहीही नाही. मी बसून राहिले. त्याची पूजा त्या दिवशी संपेच ना. शेवटी त्यानं लिंग पेटीत ठेवलं, पेटी गळ्यात घातली आणि मग त्याचं तोंड सुटलं. "सुट्टीत आलाव ना? मग कामून जुनं उकरून राहिलीस?"

"मी खाली उतरणार आहे," मी म्हटलं. "आणि तुझ्याबरोबरच उतरणार."

गुहेच्या तोंडाशी पोचलो तर तिथं यंत्र नाही की मोटार नाही. दोर वरच्या चाकावरून मागं गेलेला आणि दोराला गावची पंधरा-वीस माणसं! अनवाणी, गुडघ्यापर्यंत पँटी दुमडलेल्या. दोघांना दोराला बांधायचं आणि ह्या माणसांनी दोर सोडत सोडत पुढं यायचं. वर काढताना सगळ्यांनी दोर धरून मागं चालत जायचं. मालक गुडघ्याचं निमित्त सांगून खुर्चीत बसले. वहिनी म्हणाली, "मला मेलीला काय हौस न्हाई." लेक आणि भाचा पहिल्या जोडीत गेलेसुद्धा.

मी आधी दोर बघितला. आमच्या दुकानात बोअरमध्ये मोटारी सोडायचा नायलॉनचा दोर मी स्वतः मापून देते, मला दोरातलं कळतं. बोटांनी चाचपला, पीळ बघितला. दोर चांगला होता. मग मी त्या माणसांच्या रांगेवरून चालत गेले आणि एकेकाचं तोंड बघितलं. एक म्हातारा दात काढून हसला. एक जण मोबाइलवर काहीतरी बघून राहिला होता, त्याच्यासमोर मी त्यानं मोबाइल खिशात टाकेपर्यंत उभी राहिले. मग आमच्या गाइड पोरीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, आम्ही खाली असताना ही माणसं काय करतात? ती गोड हसून म्हणाली, "लंच."

म्हणजे आम्हाला खाली सोडून हे जेवायला जाणार. मी कडेपासून दोन पावलं मागं सरले. अण्णानं ते बघितलं. "राहू दे गं," तो म्हणाला, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात हसू नव्हतं. "तू नको येऊ."

"का? तू भ्यालास का?"

"मी कशाला भिऊ?"

"मग चल."

पट्टे बांधताना गाइड म्हणाली, गळ्यातलं सगळं काढा. मंगळसूत्र मी काढून मालकांच्या हातात दिलं. लिंगाची पेटी काढायला ती हात घालायला लागली तसे मी आणि अण्णा एकदमच ओरडलो, "न्हाई!" बिचारी दचकली. तिला वाटलं असेल, आत बॉम्बबिम्ब आहे की काय. मी तिला खुणेनं सांगितलं, हे मेल्यावरसुद्धा निघत नाही. ती आणखीच घाबरली. शेवटी तिनं डोकं चालवलं, दोघांच्याही पेट्या कपड्यांच्या आत सारल्या आणि वरून चिकटपट्टीनं घट्ट करून टाकल्या. तेवढ्यात मालक तिकडून म्हणाले, "अहो, कशाला हट्ट? उद्या कुणाला काय दाखवायचंय?" मी म्हटलं, "मला दाखवायचंय. मलाच."

पाय जमिनीवरून सुटले. मी आणि अण्णा खांद्याला खांदा लागून लटकत होतो. मी मनात म्हटलं, डोळे मिटायचे नाहीत, काही झालं तरी मिटायचे नाहीत. कडेच्या दगडांवर शेवाळ होतं, नेच्याची झाडं होती, खालून रानाचा ओला वास येत होता. माझे डोळे उघडेच होते. आणि शेजारी बघते तर अण्णाचे गच्च मिटलेले. ओठ हलत होते. अर्ध्यात आलो तेव्हा दोर जरा थांबला. वर कुणीतरी हात बदलत असणार. अण्णानं माझं मनगट पकडलं ते इतकं घट्ट की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं होतं.

खाली उतरलो. घोट्याच्या वर चिखल. लेक आणि भाचा पुढं निघून गेले होते. अंधाऱ्या बोगद्यातून दिव्यांच्या मागं मागं चालत आम्ही दुसऱ्या गुहेत पोचलो. तिथं खरंच वरून उन्हाचा सरळ झोत आला होता आणि सगळे गप्प उभे होते. फोटो काढणारेसुद्धा हळू बोलत होते. मी अण्णाला एका दगडाशी नेलं. "आता बोल," मी म्हटलं. "सकाळी लिंग हातावर होतं म्हणून गप्प बसलास. म्हणजे उत्तर मला कळलंय. तरी तुझ्या तोंडानं बोल."

त्यानं शर्टावरून, चिकटपट्टीवरून, छातीवर हात ठेवला. "गेलतो," तो म्हणाला. "अप्पांनी हाक मारली. ट्रॉली बांधावर थांबली होती. मी म्हणलं, ही खाली हाय. अप्पा म्हणले, बसंल की थोडा वेळ, गार हाय तिथं. जिल्हा काय रोज होतोय का? मी दोर बाभळीला बांधला आन ट्रॉलीत चढलो."

अण्णावर मी पस्तीस वर्षं चिडून होते, ते पचलेलं होतं. पण अप्पा? घरादाराशी भांडून मला हायस्कूलला अहमदपूरला एसटीत बसवून देणारे अप्पा. मला ‘वाघीण’ म्हणणारे अप्पा. त्या रात्री अण्णा ‘ही उगंच ओरडली’ म्हणत होता तेव्हा ते समोर बसून भाकरी खात होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. मला इतका राग आला की तो झोतबीत सगळा फिरायला लागला.

"वर कुणाला सांगू नको," अण्णा म्हणाला. "अप्पा आता न्हाईत. नाव हाय त्यांचं."

"अप्पांचं नाव आहे," मी म्हटलं. "आणि माझं काय नाव ठेवलं तुम्ही दोघांनी? ते सांग की!"

चार-दोन गोरे लोक वळून बघायला लागले. बघू दे.

परत पहिल्या गुहेच्या तळाशी आलो तर वर जायला रांग. दोर रिकामा लोंबत होता. वरची माणसं जेवत होती. मी मान वर करून त्या गोल आभाळाकडे बघत उभी राहिले. घाबरले, लपवत नाही. घशापर्यंत हाक आली होती. पण मी ती मारली नाही. मनात म्हटलं, जेवा बाबांनो, पोटभर जेवा, मी आहे इथं. अर्धा तास गेला असेल. मग वरून शीळ आली आणि दोर हलला.

लेक आणि भाचा आधी वर गेले. गाइडनं मला आणि अण्णाला पुढं बोलावलं. मी म्हटलं, याच्याबरोबर नाही. एका उंच गोऱ्या बाईबरोबर मला बांधलं. वर आले तेव्हा त्या माणसांची रांग दोर धरून लांब झाडांपर्यंत मागं गेलेली दिसली, सगळी घामाघूम. मी त्यांना हात जोडले.

वहिनीनं पाण्याची बाटली पुढं केली आणि नेहमीसारखं विचारलं, "काय वन्सं, बोंबललाव का न्हाई?"

मी अंगावरचे पट्टेसुद्धा सोडले नव्हते. तिथंच, चिखलानं भरलेली, उभ्या उभ्या सगळ्यांना सांगितलं. दोर बाभळीला बांधला होता ते सांगितलं. अप्पा काय म्हणाले तेही सांगितलं, एक शब्द गाळला नाही. लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू विझत गेलं. ती म्हणाली, "आई, तू दर वेळी सांगत होतीस." मी म्हटलं, "हो. दर वेळी."

तेवढ्यात अण्णा वर आला. त्यानं आमची तोंडं बघितली आणि त्याला कळलं. "सांगितलंस?"

"सांगितलं. अप्पांचं बी."

तो भांडेल म्हणून मी कंबर कसून तयारच होते. पण तो खाली दगडावर बसला. डोक्यावरचं हेल्मेट तसंच. बुटावरचा चिखल बोटानं काढत बसला. मग म्हणाला, "अजून एक राहिलंय."

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मी अहमदपूरपतुर गेलोच न्हाई. फाट्यावर उतरलो आन पळत परत आलो. विहिरीजवळ आलो तर तुझा आवाज येत नव्हता. दोर हलवला, तू हलवला न्हाईस. मला वाटलं, मेलीस." त्याचा आवाज चिरकला. "मी वाकून बघितलं न्हाई. भ्यालो. तुराट्यांच्या गंजीमागं जाऊन लपलो. अव्वानं तुला काढलं तवर तिथंच होतो."

वहिनीच्या हातातून बाटलीचं झाकण पडलं. इतकी वर्षं माझा म्हणून जो भित्रा, बारीक आवाज तो काढून दाखवत होता, तो माझा नव्हताच, त्याचाच होता.

"आवाज बसला होता माझा," मी म्हटलं. "तुलाच हाका मारून मारून. दोर ओढायचा सोडून खाली बसले होते, तुझा हिसका कळलासुद्धा नाही. जिती होते मी, अण्णा. नुसता वाकला असतास तर दिसले असते."

तो तोंड झाकून रडायला लागला. दोर ओढणारी माणसंसुद्धा बघायला लागली. वहिनी माझ्याकडे बघत होती, आता मी त्याला जवळ घेईन, असू दे म्हणेन, अशी तिची समजूत होती. मी पट्टे सोडले, मालकांकडून मंगळसूत्र घेऊन गळ्यात घातलं, आणि त्याला गप्प हो म्हणाले नाही.